ब्रेक ऑईल कधी बदललं होतं?

«काका, मी कराडचा, वय २६. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड स्विफ्ट घेतली. २०१६ची झेडएक्सआय, पेट्रोल, ७८ हजार पळालेली. रविवारी पहाटे मित्रांबरोबर घाट मारायला जातो. मागच्या महिन्यात आम्ही चौघं महाबळेश्वरावरून आंबेनळीमार्गे पोलादपूरला उतरत होतो. गाडी चेपूनच होती, खोटं नाही बोलत. शेवटच्या टप्प्यात पेडल एकदम मऊ पडलं, पार खाली टेकायला आलं. तीन-चारदा पंप केल्यावर गाडी कशीबशी थांबली. डाव्या पुढच्या चाकातून जळका वास आणि थोडा धूर. टपरीवर चहा मारून अर्ध्या तासाने निघालो तर ब्रेक एकदम ओके! कराडात गॅरेजवाल्याने बघितलं, म्हणाला, लीकेज नाही, कंपनीचे ब्रेकच कमी पडतात. मागे डिस्क, पुढे भोकांच्या मोठ्या डिस्क, स्टीलच्या जाळीचे पाइप आणि लाल कॅलिपर कव्हर, सगळं मिळून २८ हजार सांगितले. माझ्याकडे १५ आहेत. तर आधी मागचं करू का पुढचं? पप्पांना यातलं काही माहीत नाही. – घाटवेडा»

अरे घाटवेड्या,

काका म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो. पत्र दोनदा वाचलं. गाडीचं मॉडेल लिहिलंस, किलोमीटर लिहिलेस, चहाची टपरीसुद्धा लिहिलीस. ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं ते मात्र लिहिलं नाहीस. गॅरेजवाल्यानेही विचारलं नसणार, नाहीतर तू लिहिलं असतंस. दोन वर्षं गाडी तुझ्याकडे आहे, त्याआधी दुसऱ्याकडे होती. म्हणजे त्या डबीतलं ऑईल किती पावसाळे जुनं आहे हे तुला ठाऊक नाही, आणि पहिल्या मालकाला तरी असेल की नाही शंकाच आहे. आपल्याकडे इंजिन ऑईलचा स्टिकर काचेला लावतात. ब्रेक ऑईल म्हणजे कमी झालं की वरून ओतायची वस्तू, असाच समज आहे.

तुझ्या पत्रात तीन खुणा आहेत. पेडल मऊ पडलं. गाडी थंड झाल्यावर सगळं जागेवर आलं. वास आणि धूर एकट्या डाव्या चाकातून आला. या तिन्ही जमेस धरल्या तर गाडीत काय झालं ते बऱ्यापैकी कळतं, आणि त्यात ‘कंपनीचे ब्रेक कमी पडतात’ हे कुठे बसत नाही.

पहिली खूण घे. घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि पायाला दोन्ही वेगळे लागतात. एका तऱ्हेत पेडल घट्टच असतं, तू जीव खाऊन दाबतोस, पण गाडी हलकेच मंदावते. तिथे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून गाडी थांबवणारा तुकडा, त्याच्या कुवतीबाहेर तापलेला असतो आणि त्याची पकड गेलेली असते. दुसऱ्या तऱ्हेत पेडल ओल्या स्पंजावर पाय ठेवल्यासारखं खाली जातं. तिथे पॅड बरे असतील-नसतील, पण कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यातलं) ऑईल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ दाबली जाते. ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की तुझा पाय ते बुडबुडे दाबत बसतो आणि पॅड ढकलणारा पिस्टन जागचा हलत नाही. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल शहाण्यासारखं वर येतं. तुझी अर्ध्या तासाच्या चहाची गोष्ट ती हीच. गॅरेजवाल्याला लीकेज सापडलं नाही, कारण लीकेज नव्हतंच.

आता पाणी आलं कुठून? ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. रबरी पाइपांतून आणि टाकीच्या झाकणातून ती हळूहळू आत जाते, आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने हवेत ओलीला काही तोटा नसतो. बाटलीवर जो ‘डॉट’ नंबर लिहिलेला असतो, त्यामागे उकळण्याच्या तापमानाचे दोन आकडे असतात: एक कोऱ्या ऑईलचा, दुसरा साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलेल्या ऑईलचा. डॉट ३ चे किमान आकडे २०५ आणि १४० अंश सेल्सिअस. डॉट ४ चे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. म्हणजे जुनं, ओल धरलेलं डॉट ३ हे नव्यापेक्षा ६५ अंश आधी उकळतं. तुझा पाय, तुझे पॅड, तुझा घाट सगळं तेच, फक्त ऑईल म्हातारं.

आणि घाटात उष्णता होते तरी किती, त्याचा हिशोब बघ. गाडी हजार किलोच्या थोडी आत, वर तुम्ही चौघं, म्हणजे साडेबाराशे किलो धरू. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, पोलादपूर जवळजवळ कोकणच्या पातळीला, म्हणजे उतार तेराशे मीटरचा. एवढं वजन तेवढं खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात पन्नासएक लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला येईल. लग्नघरातल्या तांब्याच्या बंबाएवढं म्हण. यातला मोठा वाटा हवा आणि टायर खातात, आणि तू योग्य गिअरमध्ये असशील तर इंजिनही खातं. उरलेलं सगळं तुझ्या पुढच्या दोन डिस्कांच्या माथी.

पण तू नुसता उतरत नव्हतास, चेपत होतास. म्हणजे दोन वळणांच्या मधे गाडी ७० वर न्यायची, वळणाच्या तोंडाशी २५ वर आणायची, परत ७०. अशा एका ब्रेकला पुढच्या डिस्का तीसेक अंशांनी तापतात (एक डिस्क पाच किलोची धरून, आणि बहुतेक काम पुढची चाकं करतात हे गृहीत धरून). पुढचं वळण येईपर्यंत त्यातली थोडी उष्णता उडते, थोडी राहते. मग परत तीस. उतारावर वेग धरून ठेवायचा असता तर डिस्कला श्वास घ्यायला वेळ मिळाला असता. तू पेट्रोल जाळून उष्णता विकत घेत होतास आणि ती चाकात भरत होतास. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते हे शाळेत शिकला असशील, पण तेव्हा परीक्षेत पोलादपूर नव्हतं.

आता तिसरी खूण, माझ्या मते सगळ्यात बोलकी. नुसतं चेपल्यामुळे असतं तर दोन्ही चाकं तापली असती. एकट्या डाव्यातून धूर आला म्हणजे डावा कॅलिपर काहीतरी वेगळं करतोय. तुझ्या गाडीचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच धक्क्याने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड पलीकडून दाबतो. ब्रेक सोडला की सगळं केसभर मागे. यातली एक पिन जाम झाली तर कॅलिपर सरकत नाही आणि सुटतही नाही. पॅड डिस्कला घासत राहतो, सपाट रस्त्यावरसुद्धा, तुझा पाय पेडलवर नसतानाही. घाटाच्या तोंडाशी पोहोचता तोवर ते चाक आधीच तापलेलं असतं.

उद्या सकाळी हे घरीच बघ. गाडी दहा-बारा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत चालव, सावकाश थांबव, आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात ने. लावू नकोस, जवळ ने. डावीकडे चटका आणि उजवीकडे कोमट लागलं तर उत्तर मिळालं. रिमवरची काळी भुकटीही बघ, डावीकडे जास्त असेल. मग चाक काढून पॅड बघितले की आतला पापडासारखा आणि बाहेरचा भाकरीसारखा दिसेल.

माझ्या स्वतःच्या गाडीत हे झालेलं आहे. पुण्यातल्या एका गॅरेजात (नाव नको) पॅड बदलून घेतले होते. त्यांनी पिनांना हात न लावता नवे पॅड बसवले आणि सहा महिन्यांत आतला पॅड लोखंडापर्यंत गेला. दुसऱ्या मिस्त्रीने पिन काढली तेव्हा ती निघेचना. रबरी टोपण फाटलेलं, पावसाचं पाणी आत गेलेलं, ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं आणि मधोमध गंजाचा एक तपकिरी पट्टा. त्याने ती पक्कडीत धरून गोल गोल फिरवत बाहेर ओढली, फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘साहेब, पॅडाचा काही गुन्हा नव्हता.’ दोन पिना, दोन रबरं, एक ग्रीसची पुडी, मजुरी धरून पाचशेच्या आत काम झालं.

आता तुझ्या २८ हजारांच्या यादीकडे येतो. मागे डिस्क: अजिबात नको. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. म्हणून पुढे डिस्क आणि मागे ड्रम हे कंपनीने काटकसर म्हणून केलं असलं तरी हिशोबाने केलेलं आहे. पुढे किती जोर, मागे किती, याची वाटणी एबीएसच्या (चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) डोक्यात त्या ड्रमसाठी बसवलेली आहे. तिथे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीची डिस्क आणून बसवलीस आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकायला लागली, तर ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग तुला ओव्हरटेक करेल. हँडब्रेकची वायर कुठे जोडणार हाही प्रश्न आहेच. अशा जोडणीत हँडब्रेक नीट लागत नाही अशा गाड्या मी पाहिल्यात. मालक चाकाखाली दगड लावून फिरतात. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही. क्लेमची वेळ आली की विमावाला पहिल्यांदा तिथेच बोट ठेवेल.

भोकांच्या डिस्का दिसायला झकास. पण भोकं म्हणजे काढून टाकलेलं लोखंड, आणि उष्णता साठवायला तुला लोखंडच हवंय. स्वस्तातल्या भोकांच्या डिस्कला भोकापासून भोकापर्यंत केसासारखे तडे जातात. मोठ्या डिस्काने उष्णता जास्त मावते हे खरं, पण त्याला कॅलिपरचा ब्रॅकेट वेगळा लागतो, कधी रिमही मोठं लागतं. कराडातला कोणी लेथवर ब्रॅकेट करून देतो म्हणाला तर तिथून चालत ये. ब्रेकचा बोल्ट ज्याच्यावर घट्ट होतो ती वस्तू अंदाजाने कापायची नसते.

लाल कव्हरबद्दल काय बोलू? तापलेल्या कॅलिपरवर प्लास्टिकची टोपी, म्हणजे उन्हात स्वेटर. तुझा सगळा त्रास उष्णतेचा, आणि हा गृहस्थ तुला ती कोंडायचे पैसे लावतोय!

जाळीच्या पाइपांना मी नाव ठेवणार नाही. जुने रबरी पाइप दाबाने थोडे फुगतात, जाळीचे कमी फुगतात, पेडल टणक लागतं. पण ते पैसे उरले तर. आधी आहेत ते रबरी पाइप वाकवून बघ. बारीक भेगा दिसल्या तर कंपनीचे नवे घाल, तेही पुरे होतात.

ब्रेकचा जोर खरंच कमी पडतोय का, हे ओळखायची सोपी रीत सांगतो. मोकळं, रिकामं मैदान किंवा एमआयडीसीतला रविवारचा सुनसान सरळ रस्ता बघ, मागे कोणी नाही याची खात्री कर, आणि ५० वर असताना एकदा पूर्ण जोराने ब्रेक दाब. पायाखाली टरटर झाली की एबीएस लागला. एबीएस लागला म्हणजे ब्रेक चाक अडकवायला समर्थ होते आणि टायरची पकड आधी संपली. मग ब्रेक कितीही मोठे केलेस तरी गाडी त्याच अंतरात थांबणार, कारण रस्त्याला धरून आहेत ती टायरं. मात्र हे पिना-ऑईलचं काम झाल्यावर कर. आत्ता नको.

टायर म्हटलं म्हणून: तुझ्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५ या मापाची असणार. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ने सुरू होणारी अक्षरांची रांग असते (हा डॉट वेगळा, ऑईलवाला नव्हे), तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २२१६ निघालं तर ती २०१६च्या मे महिन्याच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला जन्मलेली टायरं आहेत, गाडीबरोबर आलेली. नक्षी कितीही शिल्लक असली तरी एवढ्या वर्षांत रबर कडक होतं. असं असेल तर १५ हजार मोडून हातात ठेव, आणखी थोडे साठव आणि चारही टायरं बदल. ब्रेकवर खर्च केलेल्या कुठल्याही रुपयापेक्षा ते तुला लवकर थांबवतील. चार जमत नसतील तर दोन घे, आणि ती दोन मागे घाल. नवी टायरं पुढे घालायची ही आपली सवय चुकीची आहे. ओल्या रस्त्यावर पुढचं घसरलं तर निदान गाडी सरळ जाते, मागचं घसरलं की ती फिरते.

टायरं ठीक असतील, तर १५ हजार असे खर्च कर.

सगळ्यात आधी ऑईल. टाकीच्या झाकणावर काय छापलंय ते बघ. डॉट ३ असलं तरी डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीचे. चांगल्या कंपनीचं सीलबंद डॉट ४ एक लिटर आण. ५.१ मिळालं तर तेही चालेल, पण ते दरवर्षी बदलायची तयारी ठेव. मात्र नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं घेऊ नकोस. पाच हा चारपेक्षा मोठा म्हणून बऱ्याच जणांची इथे फसगत होते. ते सिलिकॉनचं असतं, तुझ्या ऑईलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालत नाहीत. गॅरेजात उघडी, अर्धी बाटली शेल्फवर असेल तर ती वापरू देऊ नकोस. ती केव्हापासून हवा खातेय कोण जाणे. पॉवर स्टीअरिंगचं किंवा इंजिनचं ऑईल तर चुकूनही त्या टाकीत जाता कामा नये, सगळी रबरं फुगून बसतील.

आणि बदलणं म्हणजे वरची टाकी उपसून नवं ओतणं नव्हे. चारही चाकांतून काढून घे. हे काम होताना तू तिथे उभा राहा. एक पोरगा आत बसतो, मिस्त्री चाकाशी उकिडवा. ‘मार… मार… मार… धर!’ पोरगा पेडल दाबून धरतो, मिस्त्री निपल (चाकामागची ऑईल सोडायची तोटी) पाव फेरा ढिला करतो, पारदर्शक नळीतून ऑईल बाटलीत पडतं, निपल बंद, ‘सोड!’ सुरुवातीला नळीतून जुन्या चहासारखं काळपट पाणी येईल, मग बुडबुडे, मग पुसट पिवळं. नळीत स्वच्छ मधासारखं दिसेपर्यंत पुढच्या चाकाकडे जायचं नाही. मधे मधे वरची टाकी भरत राहायची. ती रिकामी होऊन हवा ओढली गेली तर सगळा खेळ पहिल्यापासून. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायला सांग, रंग खातं ते.

ऑईल आणि मजुरी मिळून हजार-बाराशेच्या आसपास जाईल. पिना, रबरं, पिनांचं वेगळं ग्रीस (चाकाच्या बेअरिंगचं लावू देऊ नको) पाचशे धर, दोन्ही बाजूंचं. मागचे ड्रम उघडून लायनर साफ करून घे, व्हील सिलिंडर पाझरत नाही ना ते बघ, हँडब्रेक कसून घे. हे झाल्यावरच पेडल निम्म्याने वर आलेलं जाणवेल.

मग पॅड. पुढचे दोन्ही बाजूंचे बदलायचे, डावा जास्त झिजला म्हणून नुसता डावा नाही. कंपनीचे, नाहीतर बॉश, ब्रेंबो यांसारख्या जाणत्या नावाचे घे. दोन-तीन हजारांत यायला हवेत. पॅडच्या कडेवर बारीक छापलेल्या कोडच्या शेवटी दोन अक्षरं असतात, ती वाच. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे कमी, एफ मध्यम, जी जास्त. एफएफ घे. एफई दिसलं तर समज, तापल्यावर हा पॅड ढिला पडतो. ‘रेसिंग’ लिहिलेल्या पॅडच्या नादी लागू नकोस. खरे रेसिंगचे पॅड तापेपर्यंत नीट धरतच नाहीत. सकाळी सहाला कॉलनीच्या तोंडाशी दुधवाला आडवा आला तर त्याला ‘थांब, जरा तापू दे’ असं सांगणार आहेस का?

नवे पॅड बसवल्यावर त्यांना बसू द्यावं लागतं. हे कोणी सांगत नाही. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत जोरात पण एबीएस न लागेल असा ब्रेक मार, परत ६०, परत १५, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, नाहीतर तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड कर. वास येईल, घाबरू नकोस. पहिल्याच दिवशी घाट नको.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मिस्त्रीला मोजायला लाव. त्याहून कमी भरली तर जोडी बदल, साध्या, बिनभोकांच्या, चारएक हजारांत. ‘फेसिंग मारून देतो, नव्यासारखी होईल’ म्हणाला तर नको म्हण. लेथवर मारलेली डिस्क चकचकीत होते आणि पातळही.

एवढं करून साताठ हजारांच्या पुढे जायला नको.

आता पायाबद्दल. आमच्याकडे फियाट होती, प्रीमियर पद्मिनी. चारही चाकांना ड्रम. माझे वडील भोरहून वरंध्याने महाडला उतरायचे आणि अख्खा घाट दुसऱ्या गिअरमध्ये. मागचे हॉर्न मारून मारून थकायचे. ‘ज्या गिअरात चढली असती त्याच गिअरात उतरवायची,’ एवढाच त्यांचा मंत्र. ब्रेक लावायचे ते थोडा वेळ, नीट जोराने, आणि सोडून द्यायचे. नुसता पाय टेकवून उतरणाऱ्याला ते ‘इस्त्री करतोय’ म्हणायचे. तुझ्या स्विफ्टला हे नियम अजून लागू आहेत. गिअरमध्ये राहून पाय ॲक्सिलरेटरवरून काढलास की इंजेक्शनच्या गाडीत त्या वेळेपुरतं पेट्रोल बंद होतं. न्यूट्रल केलंस तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं. तरी उतारावर न्यूट्रल करणारे अजून आहेतच. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या ट्रकांबद्दल पेपरात काय छापून येतं ते तू वाचत असशीलच. आणि उतारावर इंजिन बंद करणारा तर धन्यच, दोन-तीन दाबांत, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगड होतं.

पुन्हा कधी पेडल खाली गेलं, तर भराभर पंप करत एकेक गिअर खाली आण, हँडब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढ, आणि डोंगराच्या बाजूला राहा. थांबल्यावर तापलेल्या चाकावर पाणी ओतू नकोस.

चेपायची हौस असेल तर ती मला कळते, मीही तुझ्या वयाचा होतो. पण आंबेनळी घाट एसटीचा आहे, दुधाच्या टेम्पोचा आहे, प्रतापगडला निघालेल्या शाळेच्या सहलींचा आहे, आणि वळणावर बसलेल्या वानरांचा तर आहेच आहे. उरलेल्या साताठ हजारांत मित्रांबरोबर पेट्रोल वाटून कोइंबतूरला जा. तिथल्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे होतात. दोनेक किलोमीटरची फेरी आहे, समोरून कोणी येत नाही. पाच फेऱ्या चेप, एक फेरी सावकाश मारून ब्रेक थंड कर, परत पाच. तिथे जर नव्या ऑईलने, सुट्या पिनांनी आणि एफएफ पॅडने तुला खरंच कमी पडलं, तर मोठ्या डिस्कवर आपण नव्याने बोलू.

पप्पांना सांग. अर्ध्या तासाच्या चहाचं नको सांगूस हवं तर, पण ऑईल आणि पिनांचं सांग. गाडी घरची आहे, ते पण चालवत असतील.

आणि मिस्त्रीकडून जुन्या डाव्या पिना मागून घे, टाकून देईल तो. त्यांचा फोटो मला पाठव. मी म्हणतो, खालची पिन गंजलेली निघेल. नाही निघाली, तर कराडला आलो की चहा माझ्याकडून.

– तुझा काका